सातबाऱ्यावरचे पीक : मुळशीतील चार पिढ्यांच्या शेतीचा हिशेब

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील भाषण)



सातबारा हा शब्द खेड्यातील शाळकरी पोरालाही ठाऊक असतो. परंतु त्या एका कागदात दोन निराळे नमुने एकत्र आणलेले आहेत, याकडे सहसा लक्ष जात नाही. गाव नमुना सात सांगतो, जमीन कोणाची. गाव नमुना बारा सांगतो, तिच्यात काय पिकले. महसूल खात्याने हे दोन प्रश्न एकाच पानावर वर-खाली छापले आणि नकळत एक मोठे सत्य नोंदवून ठेवले. खालच्या प्रश्नाचे उत्तर पुष्कळदा वरच्या प्रश्नाच्या उत्तरात दडलेले असते. शेतात काय पिकावे हे माती आणि पाऊस काही अंशी ठरवितात. उरलेले सारे, जमिनीवर सत्ता कोणाची आणि त्या जमिनीकडून बाहेरच्या जगाला काय हवे आहे, यावर ठरते. पुणे जिल्ह्यातील मुळशी तालुक्याइतके याचे ठळक उदाहरण महाराष्ट्रात क्वचितच सापडेल.

एखादे सर्वसाधारण मावळी कुटुंब डोळ्यांसमोर आणावे. त्याचे नावगाव सांगण्याचे कारण नाही, कारण पौड खोऱ्यात, मुठा खोऱ्यात आणि मोसे खोऱ्यात अशी शेकडो कुटुंबे आहेत. पणजा, आजा, बाप आणि आजचा तरुण अशा चार पिढ्या त्याच चार-पाच एकरांवर राहिल्या. नमुना बारावर बहुतेक वर्षे एकच शब्द दिसतो : भात. परंतु त्या जमिनीने या चार पिढ्यांत जगाला जे दिले, ते त्या एका शब्दात मावणारे नाही.

पहिली पिढी : आंबेमोहोर पिकवावा, नाचणी खावी

मुळशी तालुका सह्याद्रीच्या कण्यापासून पुणे शहराच्या वेशीपर्यंत पसरला आहे. पश्चिमेला ताम्हिणीच्या बाजूस पावसाळ्यात आभाळ फाटते. पूर्वेला हिंजवडी-बावधनकडे येईतो तो जोर पुष्कळ ओसरलेला असतो. डोंगरउतारावर बांध घालून केलेली खाचरे भाताची, आणि वरची वरकस जमीन नाचणी, वरई, खुरासणीची, अशी या शेतीची जुनी वाटणी होती. उन्हाळ्यात शेण, पाला, गवत आणि तोडलेल्या फांद्या यांचे थर रचून राब भाजायचा. त्या भाजलेल्या जमिनीत भात पेरायचे. रोपे वाढली की बैलांनी चिखलणी करून आवणी उरकायची. आवणीला घरची माणसे पुरत नसत, म्हणून सावड असे. आज या घरची माणसे त्या घरच्या खाचरात, उद्या त्या घरची या घरच्या. मजुरीचा पैसा मधे येत नसे, कारण तो कोणाकडेच नसे.

या खाचरांचे वैभव म्हणजे आंबेमोहोर. आंब्याच्या मोहोराचा वास असलेला हा आखूड दाण्याचा तांदूळ पुण्याच्या सुखवस्तू घरांत सणासुदीला, आजाऱ्याच्या पेजेला आणि बाळाच्या पहिल्या घासाला लागत असे. त्याच्या सुगंधाचे वर्णन पुष्कळ झाले आहे. तो पिकविणाऱ्याच्या ताटात काय होते, याचे वर्णन मात्र फार थोड्यांनी केले. खळ्यावरचा तांदूळ खंडापोटी आणि कर्जापोटी सावकाराकडे जाई, आणि कुणबी घरात वर्षाचा बराच काळ वरकस जमिनीतली नाचणी आणि वरई शिजे. जो माल सर्वांत चांगला, तो पिकविणाऱ्याला परवडत नाही, हा बाजाराचा धडा मुळशीच्या पणज्याने अर्थशास्त्राचे पुस्तक न वाचता शिकून घेतला होता. म्हणून जुन्या शेतीचे गोडवे गाताना थोडे जपून बोलावे. ती शेती स्वावलंबी होती, पण स्वतंत्र नव्हती.

पाण्याखालचे पीक

१९१९ साली टाटा पॉवर कंपनीची स्थापना झाली आणि मुळा व निळा या नद्यांच्या संगमाजवळ मुळशीचे धरण बांधण्याचे काम सुरू झाले. पूर्वेकडे वाहणारे पाणी अडवायचे, डोंगरातून पश्चिमेकडे वळवायचे, घाटाखाली भिरा येथे पाडायचे आणि त्यावर वीज करायची, अशी ही योजना होती. ती वीज मुंबईसाठी होती, तिथल्या कापडगिरण्यांसाठी होती. सुमारे पन्नास गावांची जमीन १८९४ च्या भूसंपादन कायद्याखाली कंपनीसाठी सरकारने घ्यावी, असे ठरले. खासगी कंपनीचा नफा हा ‘सार्वजनिक हेतू’ कसा ठरतो, हा प्रश्न मुळशीच्या माणसाने शंभर वर्षांपूर्वी विचारला. त्याचे समाधानकारक उत्तर आजतागायत मिळालेले नाही.

१६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीच्या दिवशी, सत्याग्रह सुरू झाला. विनायकराव भुस्कुटे यांनी संघटन उभे केले, गांधीजींचा पाठिंबा लाभला, आणि पांडुरंग महादेव बापट याच लढ्यातून ‘सेनापती’ झाले. १९२४ च्या अखेरीस धरणाच्या कामाची आगगाडी अडविल्याबद्दल त्यांना सात वर्षांची शिक्षा झाली. धरण व्हायचे ते झाले. १९२७ साली भिऱ्याची वीज मुंबईकडे निघाली.

या पराभवाचे एक कारण कार्यकर्त्यांनी विशेष ध्यानात ठेवावे. राजेंद्र व्होरा यांनी या सत्याग्रहाचा जो साक्षेपी अभ्यास केला, त्यात दाखविले आहे की जमिनीचे मालक आणि जमीन कसणारे यांचे हितसंबंध एक नव्हते. पुष्कळ जमीन शहरात राहणाऱ्या सावकारांच्या आणि जमीनदारांच्या नावावर होती. त्यांच्या लेखी जमीन म्हणजे रक्कम. चांगला भाव आला की प्रश्न मिटला. कसणाऱ्या मावळ्याच्या लेखी जमीन म्हणजे घर, गाव, देव आणि उद्याचा घास. नुकसानभरपाई नमुना सातवरील नावाला मिळाली. नमुना बारावर ज्यांचा घाम होता ते धरणाच्या काठावर, डोंगरावर चढून राहिले. त्यांच्या डोळ्यांदेखत त्यांच्या खाचरांतून वीज पिकू लागली, आणि त्यांच्या वाड्यांत दिवा लागायला कित्येक दशके जावी लागली.

दुसरी पिढी : माणसांचे पीक

बुडालेल्या गावांत शेत उरले नाही आणि न बुडालेल्या गावांत ते पुरले नाही. खाचराचे तुकडे भावाभावांत पडत गेले. मग आज्याच्या पिढीत या जमिनीने एक नवीन पीक बाहेर पाठवायला सुरुवात केली, ते म्हणजे माणूस. मुळशी, मावळ, खेड, जुन्नर इथली माणसे मुंबईला गेली. कोणी गिरणीत लागले, कोणी गोदीत आणि बाजारात पाठीवर ओझे वाहू लागले, कोणी डबेवाले झाले. मुंबईच्या डबेवाल्यांच्या शिस्तीचे आणि अचूकपणाचे कौतुक पुढे जगभर झाले. आपल्या खाचरात दोन वेळचे पुरेसे पिकत नाही म्हणून जो घराबाहेर पडला, तो दुसऱ्यांच्या घरचे जेवण वेळेवर पोचविण्यात निष्णात झाला, यातला उपरोध त्या कौतुकात कोणाला दिसला नाही.

याच काळात एक खरोखर मोठी गोष्ट घडली. १९४८ च्या कुळकायद्यात पुढे जी दुरुस्ती झाली, तिच्यामुळे १ एप्रिल १९५७ हा कृषिदिन ठरला आणि कसणारे कूळ जमिनीचे मालक मानले गेले. नमुना सात आणि नमुना बारा यांवर पुष्कळ ठिकाणी प्रथमच एकच नाव आले. या सुधारणेचे मोल कमी लेखू नये. पणज्याला ते स्वप्नातही दिसले नव्हते. परंतु कायद्याने जमीन दिली, पाणी दिले नाही, भांडवल दिले नाही, बाजार दिला नाही. मालक झालेले कुटुंब तोवर मुंबईहून येणाऱ्या मनिऑर्डरीवर जगू लागले होते. शेत म्हातारी माणसे आणि बाया सांभाळीत. नमुना सातवर नाव पुरुषाचे, आवणीच्या चिखलात पाय बाईचे, अशी ही नवी मालकी होती.

तिसरी पिढी : दूध आणि इंद्रायणी

बापाच्या पिढीने शेताला पुन्हा उभे करण्याचा प्रामाणिक प्रयत्न केला, हे मान्य केले पाहिजे. पुणे वाढले आणि शहराला दूध हवे झाले. जिल्हा सहकारी दूध संघाचे जाळे पसरले, गोठ्यात संकरित गाय आली आणि वर्षातून एकदा खळ्यावर पैसा पाहणाऱ्या घराला आठवड्या-पंधरवड्याला हाती रक्कम पाहण्याची सवय लागली. ज्या गावांना धरणाचे वा बंधाऱ्याचे पाणी मिळाले, तिथे भाजीपाला आणि काही ठिकाणी ऊस आला.

भातातही बदल झाला. आंबेमोहोराचे झाड उंच, वाऱ्यापावसात लोळते, उतारा कमी. वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्राने आंबेमोहोर-१५७ आणि आय.आर.-८ यांच्या संकरातून तयार केलेली इंद्रायणी ही जात १९८७ साली शेतकऱ्यांपुढे आली. तिचा उतारा अधिक, झाड बुटके, आणि वासाचा काही अंश शिल्लक. शेतकऱ्याने ती उचलली, यात नवल नाही. सुगंधाने कर्ज फिटत नाही. सार्वजनिक पैशावर चालणाऱ्या संशोधनाने सामान्य शेतकऱ्याच्या हाती काय देता येते, याचे हे उत्तम उदाहरण आहे.

परंतु या यशाच्या पोटात एक अपयशही वाढत होते. आंबेमोहोराची लागवड आटत गेली, तरी पुण्याच्या दुकानांतून ‘आंबेमोहोर’ काही आटला नाही. परप्रांतातून येणारे, दिसायला तसेच असणारे तांदूळ त्या नावाने विकले जाऊ लागले. म्हणजे मुळशीच्या शेतकऱ्याचा माल बाजारातून गेला, पण त्याच्या मालाचे नाव तेवढे व्यापाऱ्याच्या हाती राहिले. ज्या पिकाला गिऱ्हाईक अधिक दाम मोजायला तयार आहे, ते पिकविणाऱ्याला मात्र परवडत नाही. पणज्याच्या वेळचा धडा तिसऱ्या पिढीत असा पुन्हा समोर आला. सहकाराने दूध गोळा केले तसा तांदूळ गोळा केला असता, स्वतःची भातगिरणी आणि स्वतःचा शिक्का उभा केला असता, तर कदाचित हिशेब निराळा झाला असता.

चौथी पिढी : गुंठा

नव्वदीचे दशक संपता संपता मुळशीच्या शेताला शेवटचे आणि सर्वांत महाग पीक आले. त्याचे नाव गुंठा. चाळीस गुंठ्यांचा एकर होतो हे पूर्वी तलाठ्याला आणि शेतकऱ्याला माहीत असे. आता ते प्रत्येक दलालाला पाठ आहे.

हिंजवडी आणि माण येथील जमिनी औद्योगिक विकास महामंडळाने घेतल्या आणि तिथे राजीव गांधी माहिती तंत्रज्ञान उद्यान उभे राहिले. पिरंगुटच्या परिसरात कारखाने आले. १९९६ साली राज्य सरकारने खासगी गिरिस्थानांसाठी खास नियम केले आणि त्यांच्या आधारे वरसगाव धरणाच्या काठी, मोसे खोऱ्यात, लवासा उभे राहू लागले. नोव्हेंबर २०१० मध्ये केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने काम थांबविण्याची नोटीस दिली; पुढे सशर्त परवानगी मिळाली; आणि २०१८ साली ती कंपनी दिवाळखोरीच्या कारवाईत सापडली. डोंगर कापले गेले, खाचरे गेली, आणि शहरही पुरे झाले नाही. २०२१ साली सूस, म्हाळुंगे, बावधन ही गावे पुणे महानगरपालिकेत गेली. जमीन बिगरशेतकऱ्याच्या हाती जाऊ नये म्हणून कुळकायद्याने घातलेला बांध १९९४ च्या दुरुस्तीने औद्योगिक वापरासाठी फोडण्यात आला होताच. पाणी एकदा फुटले की ते कोणत्या वापरासाठी फुटले, हे विचारत बसत नाही.

जमीन विकून आलेल्या पैशाचे काय झाले, यावर शहरातली माणसे चवीने बोलतात. मोठी मोटार, गळ्यात सोन्याची साखळी, लग्नात उधळलेला पैसा. २०१८ साली ‘मुळशी पॅटर्न’ या चित्रपटाने जमीन गमावलेल्या घरातला मुलगा गुन्हेगारीकडे कसा वळतो, हे दाखविले आणि तालुक्याचे नाव एका विकृतीचे नाव होऊन बसले. परंतु दोष स्वभावाचा नाही, व्यवहाराच्या घडणीचा आहे. शेत दरवर्षी थोडे देते आणि पुढच्या पिढीलाही देते. विक्रीची रक्कम एकदाच येते आणि ती गुंतविण्याचे शिक्षण, सल्ला वा संस्था त्या घराला कोणी दिलेली नसते. पिढ्यान्‌पिढ्या टंचाईत राहिलेल्या घरावर एका दिवसात पैशाचा लोंढा सोडायचा आणि ते वाहून गेले की त्यालाच हसायचे, हा न्याय नव्हे.

दोन गोष्टींबद्दल तर कोणी हसतही नाही आणि बोलतही नाही. पहिली गोष्ट बहिणींची. महाराष्ट्राने १९९४ साली आणि केंद्राने २००५ साली हिंदू वारसा कायद्यात दुरुस्ती करून मुलीला मुलाच्या बरोबरीने हक्क दिला. जोवर जमिनीत भात होते, तोवर हा हक्क कोणाला आठवला नाही. जमिनीत गुंठा पिकू लागताच बहिणीला सन्मानाने माहेरी बोलावून हक्कसोडपत्रावर सही घेण्याची रीत पडली. भाऊबीजेची साडी आणि चिखलातली आयुष्यभराची आवणी यांचा हिशेब एका सहीने मिटविला जातो.

दुसरी गोष्ट ज्यांचे नाव नमुना सातवर कधी आलेच नाही त्यांची. कातकरी, भूमिहीन मजूर, खाचरे भाजण्या-लावण्यात राबलेली माणसे यांना विक्रीतला एक पैसाही मिळाला नाही. गेली ती मजुरी. पुष्कळ खाचरांची माती वीटभट्ट्यांकडे गेली, आणि त्याच भट्ट्यांवर कातकरी कुटुंबे उचल घेऊन राबली. शेतातल्या बायकांना काम मिळाले ते कंत्राटी. ७ जून २०२१ रोजी उरवडे येथील रासायनिक कारखान्याला आग लागून सतरा कामगार जळून मेले. त्यांत बहुसंख्य स्त्रिया होत्या. मुळशीच्या शेतीच्या बदलत्या उत्पन्नाचा हिशेब मांडताना ही नोंदही केली पाहिजे. ती नमुना बारावर होणार नाही.

मग करावयाचे काय ?

इथे एक आक्षेप येईल आणि त्याचे स्वागत केले पाहिजे. शेतकऱ्याने जमीन विकू नये असे सांगणारे आपण कोण ? शहरातल्या माणसाला सुगंधी तांदूळ मिळावा म्हणून मुळशीच्या तरुणाने जन्मभर चिखलात उभे राहावे काय ? या आक्षेपात तथ्य आहे. कोणाचीही गरिबी हा दुसऱ्याच्या संस्कृतीचा ठेवा असू शकत नाही. शेती सोडण्याचा हक्क शेतकऱ्याला असलाच पाहिजे. प्रश्न इतकाच आहे की जमिनीचे मोल शंभर पटींनी वाढते ते रस्ते, धरणे, महामंडळे आणि शहर यांमुळे, म्हणजे समाजाच्या श्रमामुळे व पैशामुळे. मग ती वाढ मधल्या चार हातांनी का गिळावी?

पुण्याच्याच पूर्वेला हडपसरजवळ मगरपट्ट्यात सुमारे एकशेवीस शेतकरी कुटुंबांनी आपली चारशेहून अधिक एकर जमीन एकत्र करून, स्वतःची कंपनी काढून, स्वतःच नगर वसविले. जमीन विकण्याऐवजी ते तिचे भागधारक राहिले. हा नमुना निर्दोष नाही. तिथेही भूमिहीनाला भाग नव्हता, आणि तिथल्यासारखी एकसंध, पाण्याची, शहरालगतची जमीन मुळशीच्या डोंगरात नाही. तरीपण शेतकरी एकत्र आले तर गुंठ्याचे पीकही स्वतः कापू शकतात, एवढे त्याने सिद्ध केले. एकेकट्या घराशी दलाल बोलतो तेव्हा भाव दलाल ठरवितो. सारा गाव एकत्र बसतो तेव्हा दलालाला विचार करावा लागतो. २०१३ च्या भूसंपादन कायद्याने संमतीची अट घातली, पण ती संपादनाला आहे, खुल्या बाजारातल्या खरेदीखताला नाही. तिथे गावाची एकी हाच कायदा.

म्हणून कार्यकर्त्यांपुढे घोषणांपेक्षा कामे आहेत, आणि ती मोजकी आहेत. चावडीवाचन नियमाने घडवून आणावे. कोणत्या फेरफाराने कोणाचे नाव आले आणि कोणाचे गेले, हे गावाने कानांनी ऐकावे. हक्कसोडपत्राआधी बहिणीला तिचा हिस्सा किती आणि त्याचा भाव काय, हे समजावून सांगणारी एक तरी बाई प्रत्येक गावात तयार करावी. विक्रीऐवजी मुदतीचा भाडेपट्टा वा भागीदारी यांचा पर्याय वकिलाच्या मदतीने लोकांपुढे ठेवावा. आंबेमोहोर आणि इंद्रायणी पिकविणाऱ्यांचे गट करून गिरणी, पिशवी आणि नाव त्यांच्या मालकीचे करावे. पुण्यासारखी बाजारपेठ तासाभराच्या अंतरावर असताना हे अशक्य नाही. कातकरी वाड्यांची घरठाणे त्यांच्या नावावर करून घ्यावीत. आणि धरणाच्या काठावर पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या वाड्यांना त्या पाण्यात आणि विजेत हक्काचा वाटा मिळावा, ही मागणी शंभर वर्षे जुनी झाली म्हणून सोडू नये.

२०२१ सालापासून ई-पीक पाहणीत शेतकऱ्याने आपले पीक मोबाइलवर स्वतः नोंदवायचे आहे. पूर्वी तलाठी लिहील ते पीक असे. आता लिहिणारा हात कसणाऱ्याचा आहे. हा बदल लहान दिसतो, पण तो योग्य दिशेचा आहे. शेतात काय पिकले हे लिहिण्याचा हक्क शेतकऱ्याला मिळाला. काय पिकावे, कोणासाठी पिकावे आणि त्याचा लाभ कोणाला व्हावा, हे ठरविण्याचा हक्क अजून मिळवायचा आहे. तो मोबाइलवर मिळणार नाही. त्यासाठी संघटनाच लागेल.